यू०१०० दिसला म्हणजे ईसीएम गेला? थांबा जरा

गाडीवाल्यांमध्ये एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: स्कॅनरवर यू०१०० हा बिघाडाचा कोड आला की इंजिनचा ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक) जळाला समजा. आधी बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर कॅनच्या वायरींत (गाडीतले छोटे संगणक एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींत) करंट येतो का ते टेस्टलॅम्पनं बघा. शेवटी जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा ईसीएम आणून लावा, कारण शोरूमवाले लुटतात. शोरूमवाले लुटतात यावर मी वाद घालणार नाही. बाकी सगळ्यावर घालणार आहे.

सुरुवात कोडपासून करू, कारण खरी गफलत तिथेच आहे. यू०१०० चा अर्थ 'इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला' एवढाच. आणि हा कोड ईसीएम स्वतःबद्दल लिहीत नाही. लिहितात ती बाकीची मॉड्यूल, म्हणजे गाडीतले इतर छोटे संगणक: ब्रेकचं एबीएस, दिवे-लॉक सांभाळणारं बीसीएम, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्सचं. शेजाऱ्याचा फोन लागत नाही म्हणून तो वारला असं कुणी म्हणत नाही; इथे मात्र लगेच तिरडी बांधली जाते.

म्हणून आधी सगळ्या मॉड्यूलचं स्कॅनिंग करायचं आणि कागदावर उतरवायचं की कोण कुणाबद्दल तक्रार करतोय, कोड चालू आहे की जुना. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनापलीकडे बघतच नाहीत, तेव्हा इथे बरा स्कॅनर लागतो. एकट्या एबीएसची तक्रार असेल आणि बाकीच्यांना ईसीएम व्यवस्थित ऐकू येत असेल, तर संशय एबीएसकडे जाणाऱ्या वायरींच्या फाट्यावर जातो. सगळ्यांचीच ईसीएमबद्दल तक्रार असेल तर ईसीएमचा फ्यूज, मेन रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) आणि अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) तपासायचा. स्कॅनरला कुणीच उत्तर देत नसेल तर कॅनची मुख्य लाइनच शॉर्ट असण्याची शक्यता मोठी.

शिवाय धडधाकट ईसीएमही गप्प बसू शकतो. बॉशनं १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन पद्धतीतच तशी सोय आहे. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या पाठवणीतल्या चुका मोजतं आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की स्वतःहून लाइनवरून बाजूला होतं. याला बस-ऑफ म्हणतात. वायर उंदरानं कुरतडलेली असेल किंवा पावसाळ्यात कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या असतील, तरी ही वेळ येते.

बॅटरी काढण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण उलट्या बाजूनं. बॅटरी मरतुकडी असेल तर सेल मारताना व्होल्टेज इतकं घसरतं की मॉड्यूल क्षणभर झोपतात आणि यू०१०० सारखे यू कोड नोंदले जातात. तेव्हा बॅटरी तपासावीच. पण कोड लिहून न घेता वायर काढलीत आणि ते पुसले गेले, तर पुरावाही गेला.

टेस्टलॅम्पचं तर नावच काढू नका. कॅनच्या दोन वायरींत १२ व्होल्ट नसतातच. लाइन शांत असताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना कॅन-हाय ३.५ कडे चढते, कॅन-लो १.५ कडे उतरते. बल्बचा दिवा लावलात तर तो पेटणार नाही, उलट लाइनच खाली ओढेल. इथे काम मल्टीमीटरचं. बॅटरीची निगेटिव्ह काढून, स्कॅनर जिथे लावतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

यातही दोन खाचखळगे आहेत. अनेक गाड्यांत एक रेझिस्टर ईसीएमच्याच पोटात असतो. कपलर काढून मोजलंत तर १२० येणारच, तो बिघाड नव्हे. आणि एक वायर बॉडीला लागलेली असली तरी दोघींमध्ये ६० दिसू शकतो, म्हणून प्रत्येक वायर बॉडीशीही मोजायची. ज्या नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाइन यांच्यामधलं मॉड्यूल) आहे, तिथे सॉकेटवरचं माप गेटवेपर्यंतचंच असतं. पुढचं मोजायला पॅनल उघडावं लागतं.

राहिला जुन्या बाजारातला ईसीएम. इमोबिलायझरमुळे (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेमुळे) दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमची चावी बहुधा ओळखणारच नाही, प्रोग्रॅमिंग लागतं. बिघाड अर्थमध्ये असेल तर तोही गप्पच बसेल, आणि मग एकाऐवजी दोन भानगडी शोधत बसा.

ईसीएम कधीच जात नाही असं नाही, पाणी शिरलं की जातो. पण त्याच्या कपलरवर लोड देऊन सप्लाय आणि अर्थ दोन्ही ठीक, कॅनच्या दोन्ही वायरी तिथपर्यंत शाबूत, बाकी मॉड्यूल आपसात बोलतायत आणि तरीही हा एकटाच मुका, एवढं सिद्ध झाल्यावरच त्याचं बिल फाडा. मेकॅनिकनं त्याआधी बदला म्हटलं तर ही मापं कागदावर मागा.