समुद्रात गेलेलं पाणी वाया जात नाही

सकाळी सोलापुरात पार्क चौकात चहाला थांबलो होतो. दौंडहून येणारा विसर्ग वाढला, भीमेवरच्या उजनी धरणाचे दरवाजे उघडले, सगळ्यांच्या तोंडी तेच. एकजण म्हणाला, "किती पाणी समुद्रात वाया चाललंय बे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

वाया? आपली भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला. सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या माझ्या मित्राची बहीण मछलीपट्टणला दिलीय, तिच्याकडे गेलो तेव्हा ते मुख पाहिलं. एक म्हातारे कोळी जाळं दुरुस्त करत बसले होते. मित्राने तेलुगूत सांगितलं, हा भीमेकडचा. त्यांनी माझा हातच धरला. म्हणाले, "वरून गढूळ पाणी आलं की कोळंबी येते. आता पूर्वीसारखं येत नाही."

त्या गढूळ पाण्यात गाळ असतो, नत्र, स्फुरद, सिलिका असते. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, त्या खाऊन बारीक जीव जगतात, ते जीव मासे खातात. कोळंबीची पिल्लं खाडीच्या मचूळ, म्हणजे गोडं-खारं मिसळलेल्या पाण्यात, खारफुटीच्या आडोशाला मोठी होतात. नदीच आली नाही तर मचूळ पाणी कुठून येणार? आपण भीमेवर उजनी बांधली, कृष्णेवर अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं झाली. गाळ तिथंच बसला. इजिप्तमध्ये आस्वानच्या धरणाने नाईलचा पूर अडवला, तेव्हा 1965 नंतर किनाऱ्यावरची तारली मासळी बघता बघता संपत आली होती.

उन्हाळ्यात नळाची वाट बघत आपण दिवस मोजतो, मान्य. उजनी नसती तर सोलापूर प्यायलं काय असतं, तेही मान्य.

पण जे थोडं पाणी सोडतो, ते तरी कसलं? वरच्या शहरांचं सांडपाणी आणि आपल्या उसातला युरिया! उजनीचं हिरवं पाणी बघितलंय ना सगळ्यांनी? नत्र जास्त झालं की शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. मिसिसिपीच्या मुखापाशी दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर समुद्र असाच गुदमरतो. म्हणजे गाळ आपण ठेवून घ्यायचा आणि घाण त्यांना पाठवायची.

निघताना त्या आजोबांनी मूठभर सुकी कोळंबी कागदात बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. "यंदा तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" एवढंच विचारलं. हजार कोसांवरून आल्यासारखा मी, आणि त्यांना माझ्या गावच्या पावसाची काळजी.

मघाशी मित्राला फोन केला. म्हटलं, ताईला सांग, त्या आजोबांना निरोप दे. उजनीतून पाणी सुटलंय.