कशातून वाचलो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रकाश नारायण संतांच्या लंपन या पोराच्या गोष्टी आणि कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्यावरच्या माझ्या टिपणाखाली आपण सणसणीत प्रतिक्रिया टाकलीत. नाव-गाव टाकायचं मात्र राहिलं. नव्यानं येणाऱ्यांना शोधत बसायला नको म्हणून आपले मुद्दे आधी सांगतो. एक, जी. एं.च्या ‘काजळमाया’ या कथासंग्रहाचं साल चुकलंय. दोन, लंपनच्या चार कथासंग्रहांना मी ‘एकच कादंबरी’ म्हटलं, पण का ते सांगितलं नाही. तीन, टिपण लांबलंय. चौथा जसाच्या तसा देतो : “‘पुस्तक वाचलो’ असं लिहिणाऱ्यानं आधी मराठी शिकावं, मग मराठी कथेवर बोलावं. कशातून वाचलात हो?” शिवाय शेवटी ‘गाववाला म्हणून कौतुक’ असा टोला.

साल चुकलं, मान्य. ‘काजळमाया’ १९७२चं. मी १९७५ लिहिलं, ते ‘रमलखुणा’चं. दाखवून दिल्याबद्दल आभार, मनापासून. टिपण लांबलं म्हणता, तर कुणी दाराला कडी घातली नव्हती. कादंबरीचं पुन्हा कधीतरी, सवडीनं.

आता चौथ्याकडं येऊ. ‘कशातून वाचलात’ हा विनोद बेळगावच्या माणसाला नवा नाही. इथून पुण्याला शिकायला गेलेली पोरं तो पहिल्याच आठवड्यात ऐकतात. आपण पुण्याचे, असं मी धरून चाललोय. नसाल तर पुणेकरांची माफी मागतो. विनोदाला माझी हरकत नाही, शिळ्या विनोदाला आहे.

आपला नियम असा : वाक्यात कर्म आहे, काळ भूत आहे, तर क्रियापद कर्माप्रमाणे चालणार. पुस्तक वाचलं, कादंबरी वाचली, कथासंग्रह वाचला. कर्मणी प्रयोग. छान. सकाळी आपण चहा घेता ना? मग ‘मी चहा प्यालो’ म्हणताना चहा कर्म नसतो काय? ‘मी संस्कृत शिकलो’, ‘मी पत्ता विसरलो’, ‘मी असं म्हणालो’ ही वाक्यं कुठल्या बोलीतली? कर्म समोर बसलंय आणि क्रियापद खुशाल कर्त्याच्या मागून चाललंय. प्रमाण मराठीत अशी क्रियापदं मोजकी आहेत; आमच्याकडं रांग लांबली, एवढंच. लांबली ती शेजारच्या कानडीमुळं. ‘नानु पुस्तक ओदिदे’, म्हणजे मी पुस्तक वाचलो. तो वाचला तर ‘ओदिदनु’, ती वाचली तर ‘ओदिदळु’. कर्म काही असो, क्रियापदाची शेपटी कर्त्यालाच बांधलेली. दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकाच तोंडात नांदल्यावर आणखी काय होणार? आणि ‘तू पुस्तक वाचलंस’ यातला ‘स’ कुणाचा हो? पुस्तकाचा तर नव्हे. म्हणजे आपल्या सोवळ्या कर्मणीतही कर्ता खिडकीतून डोकावतोच की!

मराठी शिकावं म्हणता. पहिली ते दहावी मराठी शाळा, तीही कर्नाटकात राहून. वाचनालयाची वर्गणी एकतीस वर्षांत एकदाही थकवलेली नाही. आणखी काय शिकायचं ते सांगा, फी भरतो.

याचा गोष्टीशी काय संबंध, असंही आपण विचाराल. संबंध आहे, आणि टिपणात मी तेच सांगत होतो. सीमाभागातल्या माणसांची गोष्ट पहिल्यांदा मोठ्यानं वाचावी. मनातल्या मनात वाचताना डोळा ओळखीचं रूप परस्पर बसवून टाकतो. छापलेलं असतं ‘केलो’, आपण ‘केलं’ वाचून पुढं गेलेले असतो. मोठ्यानं वाचताना जीभ अडखळते. जिथं अडखळली तिथं समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका, ओळीखाली रेघ नको. पुस्तक वाचनालयाचं असेल तर ठिपकाही नको, पानात कागदाची पट्टी घालावी. वीस पानांच्या कथेला पाऊण तास ते तास जातो. दुसऱ्या खेपेला निवेदन सोडून नुसते संवाद वाचायचे आणि प्रत्येक वाक्याचा शेवट बघायचा. एकच माणूस मास्तरांपुढं ‘मी केलं’ आणि घरात ‘मी केलो’ म्हणत असेल, तर तो मुद्रणदोष समजू नये. तिथं माणसाची बसायची ढबच बदललेली असते.

वाक्याच्या टोकाचा ‘की’ तर जास्तच फसवा. खडेबाजारातला दुकानदार ‘या कीऽ’ म्हणतो ते बोलावणं. आई उंबऱ्यातून ‘ये की’ म्हणते, ‘की’ तोडून, कारण ताटातलं गार व्हायलाय. ‘आहे की’मध्ये ‘हे काय विचारणं झालं’ असतं. छापल्यावर तिन्ही ‘की’ सारखेच दिसतात, सूर वाचकानं लावायचा. तो चुकला की लाडाचं वाक्य वैतागाचं होतं आणि गोष्टीतली आजी उगाच खाष्ट वाटायला लागते. हे ज्याच्या कानाला ठाऊक नाही, त्यानं ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा मारून पुस्तक मिटू नये, एवढंच माझं मागणं होतं. आपण नेमकं तेच केलंत, फक्त पुस्तकाऐवजी माझ्यावर.

ही पद्धत सगळीकडं चालत नाही, हेही टिपणात होतं. आपण तिथवर पोचला नसाल. प्रकाश नारायण संतांकडं ती निम्म्यात मोडते. लंपन स्वतःच गोष्ट सांगतो, त्यामुळं त्याचा लाडका शब्द ‘मॅड’ आणि तो फेकतो ते हजारांतले आकडे निवेदनातच आहेत. निवेदन सोडलं तर हाती काय राहणार? तिथं एका बैठकीत दोन-तीन कथा वाचाव्यात, ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या क्रमानं, कारण माणसं पुन्हा पुन्हा येतात आणि आधीच्या गोष्टीतला सूर पुढं लागतो.

जी. एं.ना हे लावायला गेलं तर पदरी काही पडत नाही. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा, नोकरी धारवाडला इंग्रजी शिकवायची, पण निवेदन खणखणीत प्रमाण मराठीत. त्यांच्याकडं बोली शोधत बसू नये, प्रतिमांवर खूण करावी. आणि दिवसाला एकच कथा. सलग तीन वाचल्या की उपमांवर उपमा साचतात, तिसऱ्या कथेतली चांगली उपमाही नुसती दाट वाटते, आणि वाचक दोष देतो लेखकाला. ‘रमलखुणा’त तर दोनच दीर्घकथा, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. त्यांना प्रत्येकी दोन संध्याकाळी द्याव्यात. तिथं बेळगाव-धारवाड शोधणाऱ्याला काही सापडत नाही, हेही मी कबूल केलं होतं. तेव्हा ‘गाववाला म्हणून कौतुक’ हा जो शेवटी टोला मारलात, तो कुठल्या ओळीवरून, तेवढं कळवा.

साल दुरुस्त केलंय. ‘पुस्तक वाचलो’ होतं तिथंच ठेवलंय, पहिल्या ओळीत.