टाचेची

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेतून अशी कळ यायची की देव आठवावेत. पण ‘टाच दुखते’ या तक्रारीला घरात काडीची किंमत नव्हती. मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘प्लांटर फॅसायटिस’ असं लिहिलं आणि त्या संध्याकाळी मला न मागता चहा मिळाला.

सोसायटीच्या बाकावर तर आयटिसवाल्यांचंच राज्य आहे. सायनुसायटिस, गॅस्ट्रायटिस, स्पॉन्डिलायटिस. नुसतं ‘पोटात जळजळतं’ म्हणणाऱ्यासाठी तिथे कोणी सरकूनसुद्धा बसत नाही. सगळ्यांत वरचढ अपेंडिसायटिसवाले नाना, कारण त्यांच्या पंगतीला साक्षात राजा आहे. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक 26 जून 1902 ला ठरलेला, आणि 24 तारखेला अपेंडिक्सपाशी झालेलं गळू कापायला त्यांना टेबलावर घ्यावं लागलं. मुकुट थांबला तो 9 ऑगस्टपर्यंत. बोस्टनच्या डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द 1886 साली रूढ केला होता. नाना हे सगळं असं सांगतात, की जणू गळू कापताना दिवा यांनीच धरला होता.

आपल्याकडे प्रत्येक अवयवाला दुखण्याची स्वतःची तऱ्हा आहे. घसा बसतो, डोळे येतात, मान अवघडते, कंबर धरते, पोट बिघडतं. इंग्रजीत डोळे येऊ देत नाहीत की घसा बसू देत नाहीत; सगळ्यांना एकच शेपूट लावतात. अवयवाचं ग्रीक किंवा लॅटिन नाव घ्यायचं, पुढे ‘आयटिस’ जोडायचं, की झाला दाह.

पण खरी गंमत पुढेच आहे. ग्रीकमध्ये या ‘आयटिस’मध्ये दाहबिह काही नव्हता. ते साधं स्त्रीलिंगी विशेषण, आपल्या ‘-ची’सारखं. ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्याची व्याधी. पुढे व्याधी गळाली, ‘सांध्याची’ उरली, आणि सुजेचा अर्थ वैद्यांनी मागाहून चिकटवला. म्हणजे मी डॉक्टरांना सांगितलं, टाच दुखते. त्यांनी विचारपूर्वक लिहून दिलं, ‘तळपायाच्या पट्टीची’. फी वेगळी.

बरं, तेवढंही सुख टिकलं नाही. शस्त्रक्रियेत काढलेले या पट्टीचे नमुने अमेरिकेत तपासले, तर त्यांत दाहाच्या खुणाच नाहीत, नुसती झीज, असं 2003 साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून काही जण म्हणतात, याला फॅसायटिस नको, ‘फॅसिऑसिस’ म्हणा. म्हणजे बाकावरची माझी जागाही गेली! ऑसिसवाल्यांत जाऊन बसावं, तर तिकडची वस्ती बरी नाही. मी परवा नानांपाशी ‘ऑसिस’ एवढंच पुटपुटलो, तर त्यांना पहिल्यांदा सिरॉसिस आठवला आणि ते आवाज खाली आणून विचारू लागले, "रोज घेता, की फक्त शनिवारी?"