सोपा रस्ता आखला कुणी?

जून 2025मध्ये दक्षिण आफ्रिकेनं लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा पुण्यातल्या भावंडांच्या ग्रुपवर कौतुक कमी आणि कुरकुर जास्त होती. ‘साखळीत ना इंग्लंडशी खेळले, ना ऑस्ट्रेलियाशी, आणि थेट फायनल!’ मुद्दा खरा होता. नऊ संघ, प्रत्येकाला सहा मालिका, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी सुटणारच. पण आपलेही पाकिस्तान आणि श्रीलंका सुटलेच होते. आपण अंतिम फेरी गमावली ती बंगळुरू, गहुंजे आणि वानखेडे अशा ओळीनं तीन कसोटी न्यूझीलंडला देऊन आणि मग ऑस्ट्रेलियात 1-3 हरून. त्यात आफ्रिकेचा काय दोष?

मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात राहतो आणि इथे हाच वाद दर हिवाळ्यात ऐकतो. फक्त तो कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा असतो. विद्यापीठांचे संघ इथे कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांमध्ये वाटलेले असतात. ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठ ‘बिग टेन’मध्ये आहे. नावात दहा असले तरी 2024पासून तिथे 18 संघ आहेत आणि कॉन्फरन्सचे सामने प्रत्येकाला नऊच. सतरांपैकी आठांशी त्या हंगामात गाठच पडत नाही.

इंडियाना म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हरत आलेला संघ. 2024मध्ये कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी संघानं नियमित हंगामातल्या 12पैकी 11 सामने जिंकले. ओरेगन आणि पेन स्टेट वाट्याला आले नव्हते. ओहायो स्टेट आला आणि त्यानं 38-15 असं लोळवलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं कपाटाच्या दारावर वेळापत्रकाचं मॅग्नेट लावलं होतं, प्रत्येक निकाल पेनानं लिहिलेला. त्या सोमवारी येणारा-जाणारा त्याला विचारत होता, ‘तुम्ही हरवलंत तरी कुणाला?’ त्यानं शांतपणे मॅग्नेटवर बोट ठेवलं. ‘जे दिले त्यांना.’

मला त्याचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. कॉन्फरन्सबाहेरचे तीन सामने विद्यापीठ स्वतः ठरवतं, आणि इंडियानानं ते दुबळ्या संघांशी ठेवले होते. तेवढ्यापुरता जाब विद्यापीठाला जरूर विचारावा. उरलेले नऊ कॉन्फरन्स ठरवते. त्यांचं खापर मैदानावरच्या पोरांवर फोडणं हा अन्याय आहे. त्याच संघानं पुढच्या वर्षी ओरेगनला त्यांच्या घरी हरवलं, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला 13-10 असं नमवलं आणि 16पैकी 16 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद आणलं.

विषम वेळापत्रकाचा खरा फटका बसतो तो बरोबरी झाल्यावर. 2025मध्ये ‘एसीसी’ कॉन्फरन्समध्ये 17 संघ होते, सामने आठ. पाच संघ 6-2वर अडकले आणि अंतिम सामन्यात जागा एकच उरली होती. त्यांत मायामी होता आणि ड्यूकही, आणि हे दोघे एकमेकांशी खेळलेच नव्हते. मग कुणाचे प्रतिस्पर्धी जास्त जिंकले याचा हिशेब झाला आणि ड्यूक अंतिम सामन्यात गेला. बाहेरचे तीन सामने हरलेला ड्यूक कॉन्फरन्स जिंकला, तरी राष्ट्रीय प्लेऑफला मुकला. बारा संघांच्या त्या प्लेऑफमध्ये निवड समितीनं मायामीला घेतलं, आणि मायामी थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. म्हणजे आधी आकडेमोडीनं बाहेर ठेवलेला संघ बंद खोलीतल्या माणसांनी आत आणला.

त्या वर्षी समितीचा अंदाज बरोबर ठरला, म्हणून ती पद्धत आपल्याकडे आणावी असं मला वाटत नाही. 2024मध्ये अलाबामाला वगळून एसएमयूला (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला) घेतलं तेव्हा कुणाचं वेळापत्रक किती कठीण यावर आठवडेच्या आठवडे भांडणं झाली, आणि निकष शेवटपर्यंत धूसर राहिले. कसोटीचा गुणांच्या टक्केवारीचा तक्ता रुक्ष असेल, पण पहिला चेंडू पडण्याआधी नियम सगळ्यांना ठाऊक असतो. खेळाडूला तेवढी खात्री मिळायलाच हवी.

इथून उचलण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ‘एसईसी’ कॉन्फरन्सनं 2026पासून आठांऐवजी नऊ सामने ठेवले आहेत: तीन प्रतिस्पर्धी कायमचे, सहा फिरते, अशा बेतानं की दोन वर्षांत 16 संघांतला प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा तरी खेळेल. जास्तीचा एक पराभव पदरी पडण्याची शक्यता पत्करून त्यांनी हे केलं. कसोटी अजिंक्यपदाचं चक्रही दोन वर्षांचंच आहे. पण तिथे कोण कुणाशी खेळणार हे क्रिकेट मंडळं आपापसात ठरवतात, कधी तिजोरी बघून, कधी राजकारण बघून. आपलं मंडळ त्यांत सगळ्यांत वजनदार. आठही प्रतिस्पर्ध्यांशी निदान एक कसोटी तरी सक्तीची करा, हा आग्रह त्यानं धरला तर बाकीच्यांना तो टाळणं जड जाईल. ग्रुपवरच्या माझ्या भावंडांनी बवुमाच्या आफ्रिकन संघाला सोडून हा प्रश्न मुंबईतल्या त्या कार्यालयाला विचारावा.