अठराव्या सेकंदाला

गेल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी आयुष्यात पहिल्यांदाच एका धडधाकट माणसाच्या उरावर बसलो आणि १८ सेकंदांनी उठलो. २० सेकंद बसायचे होते. उरलेले दोन सेकंद कोणी खाल्ले हे मला नाव-गावासकट ठाऊक आहे. पण नाव लिहिणे सभ्यपणाचे होणार नाही, म्हणून गावाकडे बोट दाखवून थांबतो. गृहस्थ कऱ्हाडकडचे आहेत.

वयाच्या ४६व्या वर्षी ज्युदो कशाला, या प्रश्नाचे उत्तर मी घरी, कार्यालयात आणि सोसायटीच्या जिन्यात इतक्या वेळा दिले आहे की येथे ते पुन्हा देत नाही. एका शाळेच्या सभागृहात, लहान मुलांची तुकडी सुटली की आम्ही प्रौढ मंडळी मॅटवर उतरतो, आणि त्यानंतरचा बराचसा वेळ मी उताणा असतो. सभागृहाच्या छताला ११ पंखे आहेत, त्यांपैकी तीन बंद आहेत आणि चौथ्याला गेल्या गणेशोत्सवातली पताका अजून लटकते आहे, ही माहिती मी गेल्या ११ महिन्यांत खालून गोळा केली. माझा नेहमीचा जोडीदार २४ वर्षांचा आणि ८८ किलोंचा आहे. संगणकाच्या नोकरीत दिवसभर बसून साठलेली सगळी ऊर्जा तो संध्याकाळी माझ्यावर खर्च करतो. मुलगा अतिशय सुसंस्कृत आहे. माझ्या छातीवर आडवा पडून, माझा श्वास पुरता बंद करून, तो कानाशी हळूच विचारतो, ‘काका, लागलं नाही ना?’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी जी हवा लागते, ती त्याच्या बरगड्यांखाली असते.

ज्युदोत माणसाला जमिनीवर दाबून धरण्याचे रीतसर शास्त्र आहे. समोरच्याची पाठ मॅटला लागलेली असावी, तुमचा पाय त्याच्या पायांच्या कात्रीत सापडलेला नसावा आणि त्याच्यावर तुमचा ताबा असावा. मग पंच हात पुढे करून ‘ओसाएकोमी’ म्हणतो आणि घड्याळ सुरू होते. १० सेकंद धरले तर ‘वाझा-आरी’, म्हणजे अर्धा विजय, २० सेकंद धरले तर ‘इप्पोन’, म्हणजे सामना तिथेच संपला. पूर्वी हीच मुदत २५ सेकंदांची होती आणि त्याही आधी ३० सेकंदांची, म्हणजे नियम करणाऱ्यांनाही हळूहळू दया येत गेलेली दिसते. खालचा पालथा वळला, किंवा त्याने तुमचा पाय आपल्या दोन पायांत अडकवला, की पंच ‘तोकेता’ म्हणतो, सुटला म्हणतो, आणि घड्याळ थांबते.

यातल्या एका पकडीचे नाव ‘केसा गातामे’. माझ्या डोक्याकडे पाहून या नावावर जे विनोद व्हायचे ते पहिल्याच आठवड्यात झाले. वास्तविक ‘केसा’ म्हणजे बौद्ध भिक्षूचे खांद्यावरून तिरपे घेतलेले वस्त्र, आणि तो शब्द आपल्याच संस्कृतातल्या ‘काषाय’वरून चीनमार्गे जपानला पोचलेला आहे. वरचा माणूस खालच्याच्या छातीवर त्या वस्त्रासारखा तिरपा पसरतो, म्हणून हे नाव. संन्याशाच्या वस्त्राचे नाव माणसाला चिरडण्याच्या पकडीला देण्यात जो विनोद आहे, तो मात्र आमच्या तुकडीत कोणालाच दिसला नाही.

गुरुवारी माझ्या हाती लागलेली पकड ती नव्हती. ती होती ‘योको शिहो गातामे’, म्हणजे बाजूने येऊन, खालच्याच्या छातीवर काटकोनात आडवे पडून धरणे. ती हाती कशी लागली हे प्रामाणिकपणे सांगायचे तर जोडीदार मला फेकायला गेला, त्याचा पाय स्वतःच्याच पँटच्या लोंबत्या कडेत अडकला, आणि आम्ही दोघे कोसळलो तेव्हा वर मी होतो. पण पुढचे सगळे माझे होते. डावा हात त्याच्या मानेखालून घालून कॉलर धरली, उजवा हात मांडीखालून नेऊन पट्टा धरला, छाती त्याच्या छातीवर टेकवली, कंबर जमिनीकडे सोडली आणि पायांची बोटे मॅटमध्ये रोवली. ज्या पोटाचा उल्लेख घरी ‘ते’ असा तृतीयपुरुषी होतो, त्या पोटाला त्या क्षणी जन्मात प्रथमच काम मिळाले. सरांनी हात पुढे केला. कडेला पायऱ्यांवर बसलेल्या, लहान तुकडीतल्या एका १२ वर्षांच्या मुलीकडे घड्याळ होते, ती खणखणीत आवाजात मोजू लागली.

बघणाऱ्याला वाटते की वरचा माणूस पडून आहे. खाली पुलासारखी कमान करून हा मुलगा मला उलटवू पाहत होता तेव्हा मी वजन मागे घेत होतो. तो कंबर काढून पलीकडे सरकत होता तेव्हा मी इंचाइंचाने त्याच्यामागे सरकत होतो. त्याचा गुडघा आमच्या दोघांच्या मधल्या फटीत शिरू पाहत होता आणि मी कोपराने ती फट बुजवत होतो. मिठी सैल पडली तर तो निसटतो, आणि फार आवळली तर तुम्ही त्याच्याशी एकजीव होता व तो तुम्हाला गाठोड्यासारखा पलीकडे उलथवतो. वरून हे सगळे, एक जाडसर माणूस दुसऱ्या जाडसर माणसावर झोपला आहे, एवढेच दिसते. मुलगी ‘बारा, तेरा’ म्हणत होती. खालून ‘काका’ ऐकू आले नाही, हे माझ्या कानांनी कृतार्थ होऊन टिपले.

आणि ‘सोळा’च्या सुमारास माझ्या डोक्यावर एक आवाज कोसळला.

‘अवो सायेब, झाली की कुस्ती! दोनी खांदं टेकल्यात! सोडा त्या पोराला!’

हा आवाज त्या मुलीच्या आजोबांचा होता. ते नातीला न्यायला येतात, धोतर, सदरा, टोपी अशा वेशात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि एरवी पेंगतात. त्या दिवशी ते पेंगत नव्हते. ते खुर्ची सोडून मॅटच्या कडेपर्यंत आले होते, वाकले होते, आणि त्यांच्या आवाजात असा काही अधिकार होता की माझ्या मेंदूला विचारण्याआधीच माझे हात सुटले. शाळेत पी. टी.च्या मास्तरांनी ‘विश्राम’ म्हटल्यावर सुटत असत, तसेच सुटले.

‘अठरा,’ मुलगी म्हणाली, आणि मग रडवेल्या रागाने, ‘आजोबा! अजून दोन राहिले होते!’

‘कशाचं दोन?’

‘वीस सेकंद धरायचं असतं!’

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मी अजून गुडघ्यांवरच होतो आणि धापा टाकत होतो. जोडीदार ताबडतोब पालथा होऊन, जणू स्वतःच सुटला असावा अशा चेहऱ्याने पट्टा नीट करत होता.

‘पडल्यालं माणूस इस सेकंद धरायचं? कशापायी?’

मी म्हणालो, ‘आजोबा, तो नियम आहे. ताबा सिद्ध व्हावा लागतो.’

‘म्हंजी, पडलाय ह्ये दिसतंय, तरी पडलाय का न्हाई त्ये बघत ऱ्हायाचं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. आजोबा मात्र रंगात आले. मातीत कसे असते ते त्यांनी मला, सरांना आणि पाणी प्यायला थांबलेल्या सहा जणांना सांगितले. तिथे पाठ लागली की लागली. त्याच क्षणी हलगी कडाडते, फेटे उडतात आणि पंचाने हात वर करायच्या आत मैदानाने निकाल दिलेला असतो. सवारी भरून, घुटना ठेवून, अर्धा-अर्धा तास खालच्याचा दम काढतात तो पाठ लावण्यासाठी. लागल्यावर मग त्याच्यावर पडून राहणे म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, ‘जेवान झाल्यावर ताट चाटत बसल्यागत.’ कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्यांनी तरुणपणी पाहिलेल्या कुस्त्या निघाल्या, पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे निघाले, आणि ‘तुमच्या इस सेकंदात आमचा पैलवान इनाम घिऊन, वस्तादाच्या पाया पडून, दूध पिऊन मोकळा हुतोय,’ असा हिशेबही निघाला. सर हात बांधून ऐकत होते. हे तेच सर, जे मी रांगेत अर्धा मिनिट उशिरा उभा राहिलो तर मला २० जोर मारायला लावतात.

तोपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता आणि राग वर आला होता. ११ महिने मी त्या पंख्यांकडे पाहत काढले होते. म्हणून मी जे बोलू नये ते बोललो. मी म्हणालो, ‘आजोबा, तुमच्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले खरे, पण तिथे सुवर्णपदक घेणारा जपानचा शोहाची इशी, ज्याच्याकडून खाशाबा हरले, तो मुळात ज्युदोचा होता. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले, म्हणून तो कुस्तीकडे वळला.’

सभागृहात शांतता पसरली. नात जिथे बसली होती तिथेच थोडी मागे सरकली. ओळखीच्या माणसाच्या वडिलांविषयी भलतेच काही बोलून गेल्यावर जसे वाटते तसे मला वाटू लागले. आजोबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

‘त्या इशीबरूबरची कुस्ती लांबली हुती,’ ते अगदी हळू म्हणाले. ‘त्येच्यामागनं लगीच रशियावाल्याबरूबर उभं केलं त्यास्नी. मधी अर्धा तास इसावा द्यायाचा नेम हुता. मागायला आपला अधिकारी कुनी तितं न्हवता. अर्धा तास, सायेब.’

आजोबांचा जन्म १९४९चा. ती कुस्ती झाली तेव्हा ते तीन वर्षांचे होते. पण तो अर्धा तास त्यांच्याकडून अजून कोणी काढून घेतलेला नव्हता. वडिलांनी सांगितलेला, वडिलांना आणखी कोणी सांगितलेला, तसाच्या तसा शिल्लक होता. माझ्या मनात आले की हे गृहस्थ ७३ वर्षे अर्ध्या तासाचा हिशेब मागत आहेत, मग माझे दोन सेकंद यांच्याकडून मी कोणत्या तोंडाने मागावेत? आणि लगेच पुढचा विचार असा आला की नियमाप्रमाणे मिळायचा वेळ न मिळण्याचे दुःख ज्याला इतके कळते, त्यानेच माझा वेळ बुडवावा, हे जास्तच संतापजनक नाही काय? मी तो विचार बोलून दाखवला नाही. एव्हाना सगळे माझ्याकडे, खाशाबांचे पदक मीच हिसकावून घेतले असावे अशा नजरेने पाहत होते.

सरांकडे दाद मागितली, तर सर म्हणाले, ‘पकड तुम्ही सोडलीत. वाझा-आरी झाला, तो तुमचा. बाकी प्रेक्षक ओरडणारच.’ नियमाने ते बरोबर होते, आणि नियमाने बरोबर असणाऱ्या माणसाचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कोणाचा येत नाही. पुढच्या फेरीत जोडीदाराने मला १० सेकंदांत खांद्यावरून नेऊन पाठीवर आपटले, आणि त्या इप्पोनला ना घड्याळ लागले, ना आजोबांची हरकत आली. उलट खुर्चीतून ‘शाब्बास रे!’ आले.

घरी हा प्रसंग सांगितला तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, ‘म्हणजे तुम्ही नुसते त्याच्या अंगावर पडून होता, आणि तेही पूर्ण जमलं नाही?’ मी कमान, कंबर, कोपर, फट हे सगळे समजावून सांगितले. दिवाणखान्यातल्या लोडावर प्रात्यक्षिकही दाखवले. मुलगी म्हणाली, ‘बाबा, लोड हलत नाहीये.’ कार्यालयात माझे काम जमाखर्च तपासण्याचे आहे. तिथेही २० वर्षे हेच चालले आहे. काही गडबड झाली नाही तर लोक म्हणतात की हा नुसता बसून असतो, आणि गडबड होऊ नये म्हणून मी दिवसभर कुठली फट कुठल्या कोपराने बुजवतो, हे विचारायला कोणी येत नाही. वार्षिक अहवालात माझ्या नावापुढे कामगिरी म्हणून काय लिहावे हा साहेबांना दरवर्षी प्रश्न पडतो आणि ते दरवर्षी ‘समाधानकारक’ असे लिहितात.

शनिवारी मी जरा ठरवूनच गेलो होतो. नशिबाने पुन्हा तोच जोडीदार आला, आणि त्याची पँट त्याने शिंप्याकडून आखूड करून आणली होती, त्यामुळे एका मिनिटाच्या आत मी माझ्या जुन्या जागी, पंख्यांखाली पोचलो. तीच पकड, योको शिहो, फक्त मी खाली. सरांचा हात पुढे झाला. मी कमान केली, कंबर काढली, गुडघा आत सारायचा प्रयत्न केला. ८८ किलो जागचे हलले नाहीत. ‘काका, लागलं नाही ना?’ झाले. माझे दोन्ही खांदे टेकलेले होते, स्वच्छ, निर्विवाद टेकलेले होते, आणि मी मान वळवून मोठ्या आशेने प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे पाहिले.

आजोबा जागे होते. घड्याळ या वेळी नातीकडे नव्हते, त्यांच्या हातात होते, आणि ते चष्मा कपाळावर चढवून त्याच्यात डोळे घालून बसले होते.

‘आजोबा,’ मी उरलेल्या हवेत म्हणालो, ‘खांदे... टेकलेत.’

‘टेकूं द्यात की,’ ते वर न बघता म्हणाले. ‘अजून सात हाईत. पडा निवांत.’