बसेल त्याची खुर्ची: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांनी तिकिटं विकताना जुन्या प्रेक्षकांना आधी विचारायलाच हवं. त्यावर तुम्ही चार मुद्दे मांडलेत. एक, ही सरळसरळ वतनदारी आहे: आजोबांनी कधीकाळी सीझन तिकीट (घरच्या मैदानावरच्या मोसमभराच्या सामन्यांचं एकच तिकीट) काढलं म्हणून नातू आज आत, आणि रात्री दीडला उठून मॅच बघणारा पुण्याचा माणूस कायमचा बाहेर. दोन, निष्ठा मोजायचीच तर जर्सीचे आणि टीव्हीचे पैसे भरणाऱ्यांचीही मोजा. तीन, सगळी तिकिटं लिलावात काढा, खरी हौस असेल तो मोजेल पैसे. आणि चार, बाहेरून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी 'पर्यटक' हा शब्द मी हिणवून वापरला.

चौथा मुद्दा मान्य, शब्द मागे घेतो. एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना ३० पौंडांपेक्षा महाग तिकीट विकता येत नाही, हा 'कायदा' असल्याचं मी लिहिलं होतं. तो कायदा नाही. प्रीमियर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगच्या, क्लबांनी आपसात केलेला तो ठराव आहे, २०१६-१७ च्या मोसमापासूनचा. फरक क्षुल्लक वाटेल, पण ठराव मोडायला संसद लागत नाही, एक बैठक पुरते.

आता वतनदारी. हा शब्द तुम्ही रागाने वापरलात, तरी तो नेमका बसतो. गावात मिरासदार (जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेले) आणि उपरी (बाहेरून येऊन कसणारे) असत, तसेच इथे सीझन तिकीटवाले आणि वर्षाची फी भरून तिकिटांच्या रांगेत उभे राहणारे साधे मेंबर. पण वतनाचा दोष वतनदार जुना होता हा नव्हता. जमीन कसायची एकाने आणि हक्क दुसऱ्याच्या नावावर, हा होता. तिकिटांचं दुखणंही तेच आहे, आणि ते समजायला आधी मैदानातल्या खुर्च्या कुणाकडे जातात ते बघावं लागेल.

लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड घ्या. नवा स्टँड झाल्यावर तिथे ६१ हजारांवर जागा झाल्या. त्यातल्या निम्म्याच्या आसपास सीझन तिकिटांच्या. पाहुण्या संघाला लीगच्या नियमाप्रमाणे ३,०००. जेवणा-पेयांसकटच्या महाग हॉस्पिटॅलिटीच्या जागा वेगळ्या, प्रायोजकांच्या वेगळ्या. उरतं ते मेंबरांना, आणि तिथेही आधीच्या मोसमात जास्त सामने बघितलेल्यांना पहिला नंबर, मग कमी बघितलेल्यांना, मग सोडत. शहराच्या पिनकोडात राहणाऱ्यांसाठी थोडी तिकिटं राखीव असतात. तुमची झुंज आहे ती या शेवटच्या तुकड्यासाठी, आणि जगभरातले मेंबर त्याच रांगेत आहेत.

बाहेरगावच्या सामन्यांची गोष्ट याहून कठीण. ३,००० तिकिटं, आणि ती वाटायची पॉइंटांवर, म्हणजे आधीच्या सामन्यांबद्दल खात्यात जमा झालेल्या गुणांवर. समजा एका अवे (बाहेरगावच्या) सामन्याला १० पॉइंट. मोसमात १९ अवे सामने, म्हणजे जास्तीत जास्त १९०. जो १५ वर्षं सतत जातोय त्याच्याकडे २,८५०. नवा माणूस पहिल्याच वर्षी एकूण एक सामना बघायला तयार असला तरी त्याला तिकीट मिळत नाही, कारण पॉइंट नाहीत. आणि पॉइंट नाहीत, कारण तिकीट मिळत नाही. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. हा किल्ला आहे, आणि दोर आतल्यांनी वर ओढून घेतलाय.

उपाय अवघड नाही. पॉइंट आयुष्यभर साठू द्यायचेच नाहीत. फक्त मागचे तीन मोसम धरले तर वरची मर्यादा ५७० होते. पंधरा वर्षं जाणारा आणि तीन वर्षं जाणारा एका पायरीवर येतात. जोडीला ३,००० पैकी पाच-दहा टक्के तिकिटं पॉइंट न बघता सोडतीत टाकायची, म्हणजे शिडीची पहिली पायरी तरी जमिनीला टेकते. काही क्लब असं करतातही. जुने लोक कुरकुरतात, पण जो खरोखर दर आठवड्याला बसने जातो त्याचं यात काही जात नाही.

जातं ते दुसऱ्याच एका माणसाचं. बहुतेक ठिकाणी पॉइंट मिळत आले ते खरेदीवर, हजेरीवर नाही. मग काय होतं? लीग कपची (खालच्या विभागांतले संघही खेळतात त्या दुय्यम स्पर्धेची) मंगळवार रात्रीची मॅच, समोर तिसऱ्या विभागातला संघ, तिकीट स्वस्त. माणूस तिकीट काढतो, घरीच बसतो, पॉइंट खात्यात जमा. स्टँडमध्ये विकली गेलेली पण रिकामी खुर्ची. किंवा अवे तिकीट दर वेळी स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि चुलतभावाला द्यायचं. चुलतभाऊ पावसात भिजत ९० मिनिटं ओरडतो, आणि फायनलच्या वेळी नंबर लागतो घरी बसलेल्याचा. २०१९ च्या माद्रिदच्या चॅम्पियन्स लीग फायनलला लिव्हरपूल आणि टॉटनमला प्रत्येकी १६,६०० च्या आसपासच तिकिटं मिळाली होती. अशा वेळी त्या कागदी पॉइंटांची किंमत कळते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कसेल त्याची जमीन, तशी बसेल त्याची खुर्ची. फाटकावरच्या टर्नस्टाइलने, म्हणजे फिरत्या दाराने, पास वाचला तरच पॉइंट. आता बहुतेक मोठ्या क्लबांचे पास मोबाइलमध्ये आहेत, फोन यंत्राला टेकवला की दार फिरतं, त्यामुळे कुठला पास किती वाजता आत गेला याची नोंद क्लबकडे आपसूक असते. वापरायची की नाही एवढाच प्रश्न.

यातही फसायच्या जागा आहेत, त्या सांगायला हव्यात. मूल आजारी पडलं, ट्रेन रद्द झाली, तर माणसाला शिक्षा नको. म्हणून ठरलेल्या वेळेआधी तिकीट क्लबच्या अधिकृत परतविक्रीत टाकलं, तर ते हजेरीसारखं धरावं लागतं. ही मुदत सामन्याच्या आदल्या दिवशी संपवली तर काहीच उपयोग नाही, कारण लोक अडतात ते सामन्याच्या दिवशी सकाळी. दुसरं म्हणजे म्हातारी माणसं. पंचाहत्तरीच्या गृहस्थाकडे स्मार्टफोन नसेल तर त्याला प्लास्टिकचं कार्ड द्यायलाच हवं. नाहीतर हजेरी मोजायच्या नादात सगळ्यात जुना प्रेक्षकच फाटकाबाहेर. तिसरी गोष्ट सवलतीच्या तिकिटांची. लहान मुलाचं तिकीट वाचलं की अनेक मैदानांवर टर्नस्टाइलवर वेगळ्या रंगाचा दिवा लागतो. दाराशी उभ्या कर्मचाऱ्याने दिवा बघून आत जाणाऱ्या बाप्याकडेही बघितलं पाहिजे. गर्दीत तो बघत नाही, आणि यंत्र बिचारं आपलं काम चोख करत राहतं.

जुन्या लोकांचीच बाजू घेतो, असं तुम्ही म्हणालात, म्हणून बार्सिलोनाचं उदाहरण देतो. १४ एप्रिल २०२२, युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी, समोर जर्मनीचा आइनट्राख्ट फ्रँकफर्ट. पाहुण्यांचा अधिकृत वाटा ५,००० तिकिटांचा. प्रत्यक्षात काम्प नोउवर फ्रँकफर्टचे जवळपास ३०,००० लोक होते. त्यांच्या कपड्यांनी स्टँडच्या स्टँड पांढरे. ही तिकिटं आली कुठून? मोठा भाग क्लबच्या स्वतःच्या सीझन तिकीटवाल्यांकडून, म्हणजे वर्षानुवर्षांच्या सभासदांकडून. कुणी आपली जागा क्लबच्या परतविक्री योजनेत सोडली, कुणी परस्पर विकली. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बार्सिलोनाचा घोषणा देणारा गट निषेध म्हणून जागेवर आलाच नाही. फ्रँकफर्ट ३-२ ने जिंकलं. आपल्याच मैदानात आपण पाहुणे झालो, आणि ते करणारे उपरी नव्हते, मिरासदार होते. त्यानंतर क्लबने युरोपीय सामन्यांची तिकिटं नावानिशी द्यायचं ठरवलं. बायर्न म्युनिकने तर घरच्या मैदानावरच्या वर्षाच्या १७ लीग सामन्यांपैकी ठरावीक सामन्यांना जागा भरलेली दिसलीच पाहिजे अशी अट सीझन तिकिटाला घातली. मला ती अट रास्त वाटते.

आता लिलाव. 'ज्याला हौस तो मोजेल' हे ऐकायला सुटसुटीत आहे, पण लिलावात हौस मोजली जात नाही, खिसा मोजला जातो. क्लबांना हे गणित फार आधी कळलंय. समजा सीझन तिकीट ९०० पौंडांचं. १९ सामन्यांनी भागा, एका सामन्याला ४७ पौंड. त्यातून तो माणूस घरून सँडविच खाऊन येतो आणि जर्सी तीन वर्षांतून एकदा घेतो. त्याच खुर्चीवर दर आठवड्याला नवा पाहुणा बसवला तर तिकीट महाग, वर स्कार्फ, जर्सी, संग्रहालयाची फेरी. हिशेबनीसाला दुसरा माणूस आवडणारच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने मोसम चालू असताना मेंबरांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, त्यात मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत नाही. आधी मोठ्यांचं तिकीट ४० पासून आणि मुलांचं २५ पासून होतं. त्याच मोसमात अ‍ॅस्टन व्हिला चार दशकांनी युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेत परतला आणि तिकिटांचे दर ७० ते ९७ पौंड ठेवून मोकळा झाला. मधली सगळी पडीक वर्षं ज्यांनी काढली, त्यांना हे बक्षीस.

आणि मैदानात येणाऱ्या या जुन्या प्रेक्षकांनी काय केलं म्हणून विचाराल, तर ३० पौंडांचा तो ठराव आठवा. ६ फेब्रुवारी २०१६, अ‍ॅनफिल्ड, समोर संडरलँड. मालकांनी नव्या स्टँडमध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं होतं. बरोबर ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठले आणि चालू लागले. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होतं. ८२ व्या मिनिटाला संडरलँडचा एक गोल, ८९ व्या मिनिटाला दुसरा, सामना २-२. चार दिवसांत मालकांनी माफी मागून सर्वात महाग तिकीट ५९ पौंडांवर रोखलं. महिन्याभरात सगळ्या क्लबांनी मिळून पाहुण्यांसाठी ३० पौंडांची मर्यादा आणली; चाहत्यांच्या संघटना त्याआधी तीन वर्षं 'वीस पुरे' म्हणत होत्या, मिळाले तीस. तुम्ही कधी प्रीमियर लीगचा अवे सामना पाहुण्यांच्या जागेत बसून बघितलात तर त्याच मर्यादेत बघाल. टीव्हीचे आणि जर्सीचे पैसे कितीही भरले तरी सामन्यातून उठून जाता येतं ते फक्त आत बसलेल्यालाच. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला माझं उत्तर हे. तुमची निष्ठा कमी आहे असं नाही. ती मैदानाच्या दारावर मोजता येत नाही. जर्सीच्या पावत्यांवर तिकीट द्यायला लागलं तर आपण फिरून लिलावावरच येतो.

आपल्याकडे तर रांगच नसते, म्हणून आपल्याला ही भांडणं श्रीमंतांची वाटतात. २०११ च्या विश्वचषक फायनलला वानखेडेवर ३० हजारांवर जागा असून थेट जनतेसाठी चार हजारांच्या आसपास तिकिटं होती. बाकीची संलग्न क्लब, संघटना, पाहुणे. तिथे पॉइंट नव्हते, 'पास आहे का' एवढंच होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढच्या वर्षी जायचंय तर काय करायचं. मेंबरशिप जून-जुलैत घ्या, खेळाडू बघून नव्हे तर सोडतीची तारीख बघून; नोंदणीची मुदत काही क्लबांत मोसमाच्या आधी आणि हिवाळ्यापूर्वी अशी दोनदा असते, ती हुकली तर मेंबरशिप नुसती शोभेची. आर्सेनल आणि न्यूकॅसलसारख्या क्लबांत मेंबरांनाही सोडतच आहे, वर्षभर एकही तिकीट न लागण्याची तयारी ठेवा. नाव पासपोर्टवरचंच टाका. मोठ्या सहा संघांचा सामना सोडून मधल्या फळीतल्या पाहुण्यांचा सामना मागा, शक्यता कितीतरी वाढते. शनिवारचा सामना टीव्हीसाठी रविवार-सोमवारवर ढकलला जातो, तेव्हा दोन दिवसांचं अंतर ठेवूनच परतीचं विमान काढा.

आणि 'एजंट दुप्पट भावात देतोय' असं जे लिहिलंत, त्यापासून लांब राहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, मूळ किमतीला विकलं तरी. गुन्हा विकणाऱ्याचा, पण दाराबाहेर राहणार तुम्ही. असे एजंट बरेचदा सामन्याच्या सकाळी एखाद्या पबबाहेर दुसऱ्याचाच फोन हातात देतात, पास त्यात, आणि सामना संपल्यावर फोन परत करायचा. दुपारपर्यंत क्लबने ते खातं बंद केलं असेल तर टर्नस्टाइलवर लाल दिवा लागतो, मागे रांग खोळंबते, आणि फोन ज्याचा आहे तो माणूस तोवर पबबाहेर नसतो.