निवाडा नाही, समेट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलांची भांडणं मुलांनीच मिटवण्याबद्दल, म्हणजे प्रशिक्षण घेतलेली मुलं मध्यस्थ म्हणून भांडणाऱ्या दोघांबरोबर बसून त्यांना बोलतं करतात त्या पद्धतीबद्दल, मी लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘चौदा वर्षांच्या पोरांना न्यायाधीश करायचं आणि शिक्षकांनी हात झटकायचे. शिवाय दादागिरी करणाऱ्यासमोर मार खाणाऱ्याला बसवणं म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय.’

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो अगदी खरा आहे आणि मूळ लेखात यायलाच हवा होता. समेट बरोबरीच्या दोघांत होतो. एकजण दुसऱ्याला रोज छळत असेल तर तिथे समेट करण्याजोगं काही नसतंच; छळ थांबवायचा असतो, आणि ते मोठ्यांचं काम. अमेरिकी सरकारचं शाळांसाठीचं मार्गदर्शनही दादागिरीसाठी ही पद्धत वापरू नका असंच सांगतं. मारहाण, धमकी, अंगाला हात लावणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काही कानावर आलं की मध्यस्थ मुलांनी बोलणं थांबवून थेट शिक्षकांकडे यायचं. ‘इथलं बोलणं बाहेर जाणार नाही’ हे वचन देतानाच हा अपवाद सांगायचा.

पण न्यायाधीश? तो शब्द मला मान्य नाही. या मुलांना चूक कुणाची हे ठरवायचं नसतं, शिक्षाही करता येत नाही. म्हणूनच तर समोरची मुलं मोकळी होतात.

आठवीतल्या दोन मैत्रिणींचा तीन आठवडे अबोला होता. एकीने दुसरीचा खासगी मेसेज वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. आम्ही मोठ्यांनी ‘सॉरी म्हण’ म्हटलं, ती म्हणाली, अबोला तसाच. मग नववीतल्या दोघी मध्यस्थ त्यांच्याबरोबर बसल्या. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आधी एकीने सगळं सांगायचं, मधे बोलायचं नाही. मग मध्यस्थ मुलीने दुसरीला विचारलं, ‘ती काय म्हणाली, तुझ्या शब्दांत सांगशील?’ तिने सुरुवात केली, ‘तिला राग आला कारण मी मेसेज...’ पहिली लगेच म्हणाली, ‘मेसेजचं नाही गं. सगळे हसले तेव्हा तूही हसलीस.’

हे आम्हाला तीन आठवड्यांत कळलं नव्हतं! आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

या पद्धतीचं मूळ कोर्टात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ साली शेजाऱ्यांची भांडणं शेजाऱ्यांनीच मिटवण्यासाठी ‘कम्युनिटी बोर्ड्स’ ही संस्था सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिने तेच शाळांत नेलं.

हात झटकण्याबद्दल एवढंच : प्रशिक्षण, सराव, प्रत्येक बैठकीनंतर मध्यस्थांशी बोलणं, यात शिक्षकांचा वेळ वाचत नाही, उलट जास्त जातो. जी शाळा हे करत नाही तिथे तुमचा आरोप लागू पडतो, आणि तिथे हा उपक्रम बंद केलेलाच बरा.

मध्यस्थ म्हणजे शिक्षकांची लाडकी मुलं, असंही तुम्ही शेवटी म्हटलंय. हे मला लागलं, कारण पहिल्या वर्षी मी खरंच शांत, हुशार मुलंच निवडली होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंच्या पद्धतीत मध्यस्थी वर्गातल्या सगळ्यांनाच शिकवली जाते आणि ते काम पाळीपाळीने दिलं जातं. आता मीही तसंच करते. आमच्या वर्गातला सगळ्यात भांडकुदळ मुलगा या कामात सगळ्यात तरबेज निघाला. समोरचा कुठे खोटं बोलतोय ते त्याला आधी कळतं, आणि तरीही तो त्याला पुरतं बोलू देतो.